पती / वडील यांची सही

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुमच्याकडे फोन काका उचलतात आणि स्पीकर लावून आपल्या दोघींच्या मधोमध बसतात. हे त्यांच्यापुढे बोलण्यासारखं नाही. पण कुणाला तरी सांगितलं नाही, तर मी कामावर कुणाचं तरी डोकं फोडेन.

मी माझी स्त्रीबीजं गोठवून ठेवायचा विचार करतेय. दचकू नकोस, एका दमात सांगते. दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं घ्यायची, बीजं वाढली की भूल देऊन सुईने काढायची आणि गोठवायची. पुढे कधी मूल हवंसं वाटलं तर ती वापरायची. मी पस्तीस वर्षांची आहे आणि रक्ताचा रिपोर्ट म्हणतो, वयाच्या मानाने साठा कमी आहे. कमी म्हणजे बराच कमी.

इथवर ठीक होतं. मग काउंटरवरच्या बाईने सात पानी फॉर्म दिला. सातव्या पानावर तळाला लिहिलेलं: 'पती / वडील यांची सही'. मी तिथे रेघ मारून फॉर्म परत दिला.

"मॅडम, हे राहिलं."

"राहिलं नाही. लागू नाही. मला नवरा नाही."

"मग वडिलांची घ्या ना."

"माझं वय पस्तीस आहे."

"हो, पण वडील असतीलच की!"

आत्या, गेल्या आठवड्यात मी चोवीस मजली इमारतीची लिफ्ट बंद करायला लावली. दोराच्या तारा तुटायला लागल्या होत्या. मालक ओरडला, मॅनेजर ओरडला, कुणा बड्या माणसाचा फोन आला. पण तपासनीस म्हणून माझी सही पडेपर्यंत ती लिफ्ट इंचभर हलली नाही. चोवीस मजल्यांतल्या माणसांचे जीव माझ्या सहीवर चालतात आणि माझ्या ओटीपोटाला बाबांची सही लागते!

त्यांचं माहितीपत्रक सोबत पाठवतेय. तू एकतीस वर्षं गणित शिकवलंस, आकडे जरा बघ. बाबांना यातलं अक्षरही सांगू नकोस.

तुझी भिंगरी

१३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पत्र दोनदा वाचलं. काय लिहिलंय म्हणून हे विचारत होते. लिफ्टबद्दल आहे म्हटलं. ते अगदीच खोटं नाही.

आधी हे सांग, कोण आहे तो? अशी घाई बाईला उगाच सुटत नाही. कुणी तरी "एक-दोन वर्षं थांब" म्हणालेला असणार आणि तू त्याची वाट बघायची सोय करत असणार. तसं असेल तर बीजांऐवजी त्यालाच गोठवून ठेव.

आता तो गुळगुळीत कागद. वर ढब्ब्या अक्षरांत '८५ टक्के यश'. टक्के कशाचे? हा एकच प्रश्न मी एकतीस वर्षं मुलांना विचारला. तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय की हे वितळवल्यावर टिकणाऱ्या बीजांचे टक्के. म्हणजे गोठवलेली शंभर बीजं बाहेर काढली तर पंच्याऐंशी धड राहतील. त्यातली किती फळतील, किती रुजतील, किती बाळं जन्माला येतील, त्याचा या कागदावर पत्ताच नाही. सातवीतल्या पोराने असं उत्तर लिहिलं असतं तर मी अर्धा मार्कसुद्धा दिला नसता. जाऊन विचार.

राहिली सही. त्यावरून एवढं रान पेटवण्यासारखं काय आहे, मला कळत नाही. दादाची घेऊन टाक, काम उरक. अशा सह्या होतच असतात. बायकांनी प्रत्येक कागदाशी भांडायचं ठरवलं तर जगणं व्हायचं नाही.

वेळेवर जेवत जा.

आत्या

२१ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

होता एक. लाकडाच्या खुर्च्या बनवायचा, सुरेख बनवायचा. दोन वर्षांपूर्वी सोडून गेला. त्याला मूल नको होतं आणि मला 'अजून माहीत नाही' होतं. "नाही" म्हणालीस तरी चालेल, "हो" म्हणालीस तरी समजेन, पण हे लोंबकळणं नको, असं म्हणून खुर्च्यांसकट गेला. आता घाई लावलीय ती रिपोर्टने. दुसरं कुणी नाही.

टक्के विचारले. डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, "तुमच्या साठ्यावर एका फेरीत पाच-सहा बीजं मिळाली, तर एक मूल होण्याची शक्यता चारात एक. कदाचित त्याहून कमी."

"हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

बघ! भिंतीवर हसऱ्या बाळाचं खिडकीएवढं चित्र लावायला कुणी विचारायची गरज नसते. चारात एक सांगायला मात्र मी विचारायला हवं.

आणि "दादाची घेऊन टाक"? हे तू लिहिलंस? मुख्याध्यापकांनी मुलींना गणिताच्या स्पर्धेतून वगळलं म्हणून त्यांच्या खोलीबाहेर दोन तास उभी राहिलेली तू? पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबा सही करतील, मला माहीत आहे. त्यांनी अडवलं असतं तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. पण त्यांना "हो" म्हणायचा तरी अधिकार कुणी दिला? याचं उत्तर दे. तुझ्याकडून मला हे उत्तर हवंय, दुसऱ्या कुणाकडून नको.

भिंगरी

१ मार्च

प्रिय भिंगरी,

तू विचारलंस त्याचं उत्तर आज देत नाही. आज दुसरंच सांगायचंय, आणि ते वाचून तू चिडणार आहेस.

परवा दादा आला होता. तुझा विषय निघाला. तू हल्ली फोनवर तुटक बोलतेस, काही लपवतेस का, म्हणून तो रडकुंडीला आला होता. मी सांगून टाकलं. सगळं. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "एवढंच ना? मग मी कशाला आहे?" त्याने तो गुळगुळीत कागद मागितला, मी दिला.

मला वाटलं, तुझं काम सोपं होईल. खरंच तसं वाटलं.

आत्या

१० मार्च

आत्या,

सोमवारी सकाळी अकरा वाजता मी एका लिफ्टच्या टपावर उभी होते. हातात टॉर्च, तोंडात पेन्सिल. फोन वाजला. "मॅडम, अभिनंदन! वडील येऊन सही करून गेले. आता तुम्ही कधीही इंजेक्शनं सुरू करू शकता."

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्याशी एक शब्द न बोलता, माझ्या दवाखान्यात गेले. काउंटरवाली कौतुकाने सांगत होती, "किती साधे आहेत हो! म्हणाले, दाखवा कुठे करायची ती, सगळीकडे करतो." डॉक्टरांनी त्यांना माझ्या सोनोग्राफीचा रिपोर्टही समजावून सांगितला. तो मी स्वतः अजून पाहिलेला नाही. माझ्या पोटात काय उरलंय ते बाबांना माझ्याआधी समजलं.

मी तडक दवाखान्यात गेले, फॉर्म मागून घेतला आणि सातवं पान काउंटरवालीसमोर फाडलं. बसलेल्या बायका बघत राहिल्या. मग तशीच घरी गेले. बाबा म्हणाले, "अगं, मी अडवलं थोडंच? मी तर हो म्हणायला गेलो होतो." आई म्हणाली, "जाऊ दे, त्यांचा जीव आहे तुझ्यावर." कुणालाच कळत नाहीये, आत्या. आई-बाबांना नाही कळलं तर मी समजू शकते. तुला कळत होतं, तरी तू कागद दिलास.

एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडे. सांगू नकोस.

आता पत्र पाठवू नकोस.

२ एप्रिल

भिंगरी,

तू नको म्हणालीस तरी लिहितेय. वाचायचं की नाही ते तू ठरव. वरचा पत्ता बघ. मी दादा-वहिनीकडे आहे, तुझ्या जुन्या खोलीत. एकच बॅग घेऊन आलेय. कितव्या दिवशी परत जाईन, ते माहीत नाही.

तू विचारलं होतंस, हो म्हणायचा अधिकार कुणी दिला. ऐक.

मी एकोणतीस वर्षांची असताना पोटात गाठ निघाली. ऑपरेशनला आत गेले ती गाठ काढायला. बाहेर आले तेव्हा गर्भाशय नव्हतं आणि दोन्ही अंडाशयं नव्हती. ह्यांनी माझा हात धरून सांगितलं, "इलाजच नव्हता." मी मानलं. इलाज नसेल तर भांडणार कुणाशी? पुढल्या महिन्यात शाळेत रुजू झाले आणि इतरांच्या पोरांना अपूर्णांक शिकवले.

अकरा वर्षांपूर्वी विम्याचे कागद शोधताना त्या ऑपरेशनचा केसपेपर हाती लागला. त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात होतं: 'गाठ काढून बाकी वाचवणे शक्य. पुन्हा उद्भवण्याची शक्यता आहे. दोन्ही पर्याय पतीस समजावले. पतीच्या संमतीने सर्व काढले.' खाली ह्यांची सही, त्यांची नेहमीची, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली.

मी तो कागद जागेवर ठेवला आणि भाजी चिरायला बसले. अकरा वर्षं गप्प. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि उत्तर ऐकल्यावर त्याच माणसासमोर चहाचा कप ठेवावा लागला असता. म्हणून स्वतःला पढवलं की सही म्हणजे नुसती शाई. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला राग आला तो तुझा. पस्तीस वर्षांची पोरगी एका रेघेवरून एवढी पेटते आणि मी माझं सगळं पोट गेलं तरी थंड! तुझी आग खरी असेल, तर माझं गप्प बसणं काय होतं? त्यापेक्षा तुझी आग विझवणं सोपं होतं. म्हणून दादाला सांगितलं. तुझ्या सोयीसाठी वगैरे काही नाही. ते मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं.

तुझं दहा मार्चचं पत्र वाचलं आणि ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. हे वर्तमानपत्र पसरून नखं कापत होते. मी विचारलं, "त्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन काय म्हणाले होते?"

"कुठल्या दिवशी?"

माझ्या आयुष्यात डॉक्टर बाहेर आले असा एकच दिवस आहे, भिंगरी!

मग आठवलं. म्हणाले, "पुन्हा पुन्हा कापाकापी नको म्हणून. तुझ्याच भल्यासाठी."

"आणि मला सांगितलंत, इलाज नव्हता."

"तुला त्रास झाला असता." आणि पुढचं बोट धरून नख कापायला लागले.

मी बॅग भरली.

दादाला इथे आल्यावर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी पण तेच केलं ना गं?" मी "हो" म्हटलं. त्याची समजूत घातली नाही. आयुष्यभर सगळ्यांची घातली, आता पुरे.

माफी मागतेय. तुझा विश्वास मोडला.

आत्या

९ एप्रिल

आत्या गं,

पत्र कामावर उघडलं आणि यंत्रांच्या खोलीत जाऊन रडले. मोटारीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

आमच्या घरात तुझ्याबद्दल एकच वाक्य होतं: आत्याला मूल झालं नाही. हवामानासारखं, कुणी केलेलं नाही, आपोआप घडलेलं. मी पण लहानपणापासून तेच म्हणत आले. मला माझी चीड येतेय, काकांची येतेय, त्या डॉक्टरची येतेय, आणि शेपटीवाल्या सहीची तर इतकी की काय सांगू.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पण तो आता तुझ्या शेजारी बसूनच करता येईल असं वाटतं.

बाबांनी काल फोन केला. "माझं चुकलं," म्हणाले आणि फोन ठेवला. समजवायला काही बोलले नाहीत. त्यांच्यासाठी हे फार आहे.

दवाखान्याला मी लेखी विचारलं, पती किंवा वडिलांची सही कुठल्या नियमाने लागते, कलम दाखवा. आठवडाभराने उत्तर आलं: 'ही आमच्या संस्थेची पद्धत आहे.' पद्धत! मी एखाद्या मालकाला म्हटलं असतं की लिफ्ट बंद ठेवणं ही माझी पद्धत आहे, तर?

बावीस तारखेला त्यांच्या मुख्य डॉक्टरांना भेटायला जातेय. येतेस?

भिंगरी

३० एप्रिल

प्रिय भिंगरी,

आठ दिवस झाले तरी मला अधूनमधून हसू फुटतं. वहिनी विचारते, काय झालं. मी तिला मुख्य डॉक्टरांचा चेहरा करून दाखवते.

तू सरळ त्यांच्याकडे बघत बोलत होतीस, म्हणून तुला दाराबाहेरचं दिसलं नाही. दार अर्धं उघडं होतं. ते जेव्हा "कुटुंबाचा पाठिंबा हवा, उद्या वाद झाला तर" वगैरे सांगत होते, तेव्हा बाहेरच्या बायका एक एक करून उठून जवळ आल्या होत्या. आणि मी जेव्हा विचारलं, "पुरुष त्यांचं बीज गोठवायला येतात का इथे?" आणि ते "येतात की" म्हणाले, आणि मी विचारलं, "मग त्यांच्या आईची सही कितव्या पानावर असते?", तेव्हा एक चष्मेवाली बाई इतक्या जोरात हसली की तिला खोकला आला. डॉक्टर ग्लासभर पाणी प्यायले. ते "तुमच्यापुरतं पान काढतो" म्हणाले आणि मला वाटलं, झालं, चला. तू उठली नाहीस. "सगळ्यांच्या फॉर्ममधून काढा, मी इथे बसलेय." मला तेव्हा तुझा जो अभिमान वाटला, तो लिहिता येत नाही. नवे कागद छापून यायला चाळीस मिनिटं लागली. चष्मेवालीने तिचा जुना फॉर्म टरकावला, ते तू पाहिलंस की नाही?

आता गुरुजींसारखी एक गोष्ट बोलते. भांडण संपलं. आता वाटेत कुणी उभं नाही. म्हणून आता विचारते, तुला हे हवंय का? जिंकलीस म्हणून करू नकोस. माझ्यासाठी तर मुळीच करू नकोस. माझं गेलेलं तुझ्या पोटातून परत मिळणार नाही. चारात एक, आणि चारात तीन वेळा काहीच नाही, हे धरून ठरव.

आत्या

७ जून

प्रिय आत्या,

तुझ्या प्रश्नाने तीन आठवडे डोकं खाल्लं. रागात सगळं कसं स्वच्छ दिसत होतं! राग उतरला तर खाली नुसती भीती होती. इंजेक्शनांची, आणि काही न मिळण्याची. एकदा रद्दही करून टाकलं. मग कळलं की रद्द करूनही सुटल्यासारखं वाटत नाहीये.

मला मूल हवंय का? अजून माहीत नाही. खुर्च्यावाल्याला ते चाललं नाही. रिपोर्टलाही चालत नाही. पण माहीत नसणं हे माझं आजचं खरं उत्तर आहे, आणि मला ते आणखी काही वर्षं जवळ ठेवायचंय. त्यासाठी केलं.

अकरा दिवस इंजेक्शनं. पोट फुगून ढोल झालं, कामाची पँट लागेना, दोरी बांधून लिफ्ट तपासल्या. ज्या दिवशी काढायची होती, त्या दिवशी सकाळी बाबांचा फोन. "खाली गाडीत बसू का? वर येणार नाही." मी म्हटलं, बसा. चार तास बसले.

सोनोग्राफीत सात दिसत होती, हाती चार आली. त्यातली गोठवण्याजोगी तीन. तीन, आत्या! मी भुलीतून उठून विचारलं तर नर्सने तीन बोटं दाखवली आणि मला वाटलं, ती तीन वाजले सांगतेय.

लगेच काउंटरवाली हजर. "दुसरी फेरी पुढच्याच महिन्यात करा, मॅडम, आता थांबू नका. आत्ताच नाव घालू?" अजून माझी जीभ जड होती, गाऊनची नाडी सुटलेली होती आणि ती पेन पुढे करून उभी! बाबांची सही लागत नाही म्हटल्यापासून त्यांना माझ्या सहीची फार घाई झालीय. मी नाही म्हटलं. दुसरी फेरी करणार नाही. का, ते तिला सांगितलं नाही. तुलाही सांगत नाही. ठरलंय, एवढंच.

तीनवर शक्यता किती, ते मोजून पाठवू नकोस. मला येतं.

तू परत कधी जाणार, असं आई विचारतेय. तू जाऊ नयेस म्हणून विचारतेय, हे तुला कळलं असेलच.

तुझी भिंगरी

३ जुलै

प्रिय भिंगरी,

मोजलं नाही. तीन म्हणजे तीन.

मी परत गेले नाही, आणि वहिनीकडेही राहिले नाही. शाळेमागच्या गल्लीत एक खोली घेतलीय. एक खाट, एक टेबल, दोन खुर्च्या. खिडकीतून मैदान दिसतं. पोरं चुकीचे पाढे म्हणत पळतात आणि मी इथून ओरडून दुरुस्त करते.

हे दर गुरुवारी येतात. घरी चल म्हणतात. मी म्हटलं, आधी त्या दिवशीचं सांगा, डॉक्टर काय म्हणाले, तुम्ही काय म्हणालात, शब्द न् शब्द. पहिल्या गुरुवारी चार वाक्यं सांगितली आणि "एवढंच आठवतं" म्हणून गेले. दुसऱ्या गुरुवारी आणखी दोन आठवली. मी खुर्ची सरकवते, समोर बसते, थांबते. पोरांकडून उत्तर काढायला मी तासन् तास थांबलेय. मला घाई नाही.

काल शेवटचं निघालं. डॉक्टर म्हणाले होते, "आत्ता फक्त गाठ काढतो. बाकीचं बाई शुद्धीवर आल्या की त्यांना विचारून ठरवू. घाई नाही." म्हणजे थांबता येत होतं. दोन दिवस, चार दिवस. मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

म्हणाले, "म्हणालो, तिला काय विचारायचं."

भिंगरी, मी ओरडले. मैदानातली पोरं गप्प झाली इतकी ओरडले. तेहतीस वर्षांचं सगळं ओरडले. हे खुर्चीत आक्रसून बसले. उठून जातील असं वाटलं, पण गेले नाहीत.

आवाज बसल्यावर मी म्हटलं, "आता विचारा."

"आता काय विचारू?"

"जे तेव्हा विचारायचं होतं ते. डॉक्टर थांबलेत. मी शुद्धीवर आहे. विचारा."

सत्तरीचा माणूस, खुर्चीत सरळ होऊन बसला. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "सगळं काढू का?"

मी म्हटलं, "नाही."

आत्या